मदत हवी आहे: इंग्रजी 'टँक' आपल्या टाक्यावरून गेला की पोर्तुगीजांकडून?

नमस्कार मंडळी,

आमचा गट जुन्नर भागातल्या एका किल्ल्यावर दुर्गसंवर्धनाचं काम करतो. गाळ काढलेल्या टाक्यांपाशी (कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदांपाशी) माहितीफलक लावायचे आहेत. मजकुरात एकाने लिहून दिलंय, 'इंग्रजीतला टँक हा शब्द मराठी टाक्यावरून घेतला.' फलक एकदा लागला की वर्षानुवर्षं लोक तोच वाचणार, म्हणून आधी खात्री करून घ्यायची आहे.

इंग्रजी कोश टँकचं मूळ गुजराती 'टांकुं' आणि मराठी 'टांकें' यांत दाखवतात, पण जोडीला पोर्तुगीज 'तांके'ही देतात. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तर या शब्दाला एक भारतीय आणि एक युरोपीय असे दोन उगम दिसतात, असंच म्हटलंय. (रणगाड्याला टँक म्हणतात तो हाच शब्द. पहिल्या महायुद्धात गुप्तता राखायला 'पाण्याच्या टाक्या बनवतोय' असं सांगितलं गेलं, ते नाव चिकटलं.)

माझा कल आपल्या बाजूने आहे. थरच्या वाळवंटात पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या कुंडाला टांकाच म्हणतात, अहमदाबादच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांतल्या, घरांखालीही टांकं असतं. इतक्या आतवर हा शब्द पोर्तुगीजांनी नेला असेल, हे पटत नाही. शिवाय संस्कृत 'टंक' म्हणजे दगड फोडायची छिन्नी, तीच आपली टाकी, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. गाळ उपसल्यावर आमच्या टाक्याच्या भिंतीवर तिरक्या, एकाखाली एक अशा घावांच्या ओळी उघड्या पडल्या. टाकीने खोदलं ते टाकं, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. पण नुसत्या उच्चाराच्या साम्यावर व्युत्पत्ती फलकावर लिहिणं मला रास्त वाटत नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. कान्हेरी, कुडा आणि खुद्द जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. मग 'टाकं' रूढ झालं कधी?

जाणकारांनी कृपया सांगावं, वास्को द गामा १४९८ मध्ये येण्याआधीच्या मराठीत, म्हणजे महानुभाव गद्यात किंवा यादवकालीन शिलालेखांत, 'टांकें' पाण्याच्या अर्थाने कुणाला आढळलंय का? असल्यास मूळ ओळ आणि ग्रंथाचं किंवा लेखाचं नाव द्यावं, तेवढ्याने प्रश्न बराचसा मिटेल. मोडी वाचणाऱ्यांना आणखी एक विनंती. गच्चीवरच्या टाकीसारखं स्त्रीलिंगी रूप पेशवाईतल्या कागदांत दिसतं का? ते टाक्याचंच धाकटं रूप, की इंग्रजी टँक फिरून परत आलेला, हेही समजून घ्यायचंय. गोव्यातल्या मंडळींनी घरातली जुनी माणसं विहीर, तळं आणि हौद यांना वेगवेगळं काय म्हणतात तेही लिहावं.

फलक अजून रंगवायला दिलेले नाहीत. तोवर ते वाक्य बाजूला ठेवलंय.