सीएसएफ प्रोटिओमिक्स: पीसी-१ नेमका कशाचा आहे? काढून टाकू का?

मेंदूमित्र
अल्झायमरच्या सीएसएफचा (मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवाचा) टीएमटी-प्रो १६-प्लेक्स डेटा आहे, म्हणजे लेबल लावून १६ नमुने एकत्र मोजलेला मास स्पेक्ट्रोमेट्रीचा डेटा. १८० नमुने, त्यात ११० रुग्ण आणि ७० निरोगी. एकूण १२ प्लेक्स (एकत्र मोजलेले गट). प्रत्येकात १५ नमुने आणि एक पूल (तुलनेसाठीचं सामायिक मिश्रण). साधारण २४०० प्रथिने मिळाली, पण बाराही प्लेक्समध्ये सापडलेली जेमतेम ९००. पीसी-१ (पीसीएचा पहिला घटक, म्हणजे डेटातल्या सर्वात मोठ्या फरकाची दिशा) एकटाच ३१ टक्के व्हेरियन्स खातो आणि पी-टाऊ-१८१ (अल्झायमरची खूण असलेलं प्रथिन) शी त्याचा सहसंबंध चांगलाच आहे. तसाच लिम्मा (गटांतला फरक तपासणारं आर पॅकेज) चालवला तर ७०० प्रथिने ५ टक्के एफडीआरच्या (खोट्या निष्कर्षांच्या प्रमाणाच्या) आत येतात; पीसी-१ रिग्रेस करून टाकला तर ४० उरतात. ७०० वर विश्वास बसत नाही आणि ४० मध्ये १४-३-३ (अल्झायमरमध्ये वाढणारं प्रथिनांचं कुटुंब) सुद्धा नाहीत. काय करावं? शिवाय रिकाम्या जागा क्यूआरआयएलसीने (तिथे अंदाजे कमी आकडे भरणारी पद्धत) भरू का?

स्पेक्ट्रमवाला
काढायचं की ठेवायचं हे नंतर. पीसी-१ ची लोडिंग्ज (कुठल्या प्रथिनाचा त्यात किती वाटा) उघडा आणि दोन्ही टोकांची ५०-५० प्रथिने वाचा.

हिमोग्लोबिनच्या साखळ्या आणि सोबत कार्बोनिक अनहायड्रेज-१, कॅटलेज दिसले, तर सुई टोचताना रक्त मिसळलंय. कॅटलेज मेंदूतही असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन शांत असताना एकट्या त्याच्यावर ठपका ठेवू नका. असे नमुने सरळ वगळा. मॉडेलमध्ये कोव्हेरिएट (जास्तीचा चल) घालून रक्त धुतलं जात नाही.

खरा प्रश्न वेगळा: प्रत्येक चॅनेलमध्ये (एका लेबलच्या नमुन्यात) समान आकारमानाचा सीएसएफ घेतला होता की समान वस्तुमानाचे पेप्टाइड? निरोगी माणसाच्या सीएसएफमध्ये एकूण प्रथिन साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ५० मायक्रोलिटरमध्ये ७.५ ते २२.५ मायक्रोग्रॅम. निरोगी माणसांतच तिप्पट फरक! समान आकारमान घेतलं असेल तर हा फरक पीसी-१ वर येतो आणि जवळपास सगळी प्रथिने एकाच दिशेला झुकतात. समान वस्तुमान घेतलं असेल तर गोष्ट हिश्श्याची होते. सीएसएफच्या प्रथिनात निम्म्याहून जास्त अल्ब्युमिनच. ते वाढलं की बाकीचे सगळे कमी झाल्यासारखे दिसतात, मग न्यूरॉनमध्ये काहीही घडलेलं नसो.

मेंदूमित्र
समान वस्तुमान, चॅनेलमागे १० मायक्रोग्रॅम. लोडिंग्ज पाहिली: एका टोकाला अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, एपीओबी, दुसऱ्या टोकाला न्यूरॉनची एनसीएएम१, न्यूरेक्सिन-१, एनपीटीएक्सआर. हिमोग्लोबिन पीसी-३ वर आहे, तिथे ७ नमुने वेगळे पडतात. सीरमचे नमुने निम्म्या लोकांचे नाहीत, त्यामुळे अल्ब्युमिन गुणोत्तर (सीएसएफमधलं भागिले सीरममधलं) काढता येत नाही.

स्पेक्ट्रमवाला
मग हा हिश्श्याचाच खेळ. एपीओबी मेंदूत बनत नाही, रक्तातूनच येतं, त्यामुळे त्या टोकाचा अर्थ स्पष्ट आहे. नॉर्मलायझेशन परत करा: अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, फायब्रिनोजेन, एपीओबी वगैरे प्लाझ्माची प्रथिने यादीतून बाजूला काढा, उरलेल्यांच्या मीडियनवरून प्रत्येक चॅनेलचा गुणक ठरवा, आणि तोच गुणक सगळ्या प्रथिनांना लावा. गुणक काढताना बाराही प्लेक्समध्ये असलेलीच प्रथिने घ्या. ते ७ नमुने त्याआधीच बाहेर. मॉडेलमध्ये वय आणि लिंग हवंच. अल्ब्युमिन गुणोत्तर वयाबरोबर वाढतं आणि पुरुषांत जास्त असतं.

टाऊतज्ज्ञ_नाही
एक भर. पी-टाऊ-१८१ तुम्ही इम्युनोअसेने मोजलं असणार, म्हणजे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. ती संहती झाली आणि तुमचा टीएमटी डेटा हिस्सा आहे. एकात माणसामाणसातला एकूण पातळीचा फरक शाबूत, दुसऱ्यात नाही. सहसंबंध काढताना पी-टाऊ भागिले अमायलॉइड बीटा-४० घ्या. भाजकात बीटा-४२ नको. ते प्लाकमध्ये अडकतं, म्हणून रोगातच घटतं.

आणि पीसी-१ आंधळेपणाने काढू नका. पी-टाऊशी सहसंबंध आहे याचा अर्थ त्यात थोडा आजारही मिसळलेला आहे. ४० मधून १४-३-३ गेले ते त्यामुळेच असावेत. नवीन नॉर्मलायझेशननंतर वायडब्ल्यूएचएझेड, वायडब्ल्यूएचएजी (दोन्ही १४-३-३) आणि एसएमओसी१ वर राहतात का, एनपीटीएक्स२ आणि व्हीजीएफ खाली जातात का ते बघा. ही दिशा अनेक कोहोर्टमध्ये (अभ्यासगटांमध्ये) दिसलेली आहे. उलटी आली तर गुणकात चूक शोधा.

सोळा_चॅनेल
क्यूआरआयएलसी नको. टीएमटीमध्ये प्रथिन गायब होतं ते आख्ख्या प्लेक्समधून, कारण त्या रनमध्ये यंत्राने तो पेप्टाइड फोडायला निवडलाच नाही. पंधराच्या पंधरा जागा एकदम रिकाम्या. तिथे खालचे आकडे भरले की प्लेक्सचा फरक तुम्हीच तयार करता. किमान ६ प्लेक्समध्ये असलेली प्रथिने ठेवा, पूलशी लॉग-२ गुणोत्तर काढा, रिकामं ते रिकामंच राहू द्या, लिम्माला चालतं. प्लेक्स डिझाइनमध्ये फॅक्टर म्हणून घाला. रिमूव्ह-बॅच-इफेक्ट (लिम्मातलं बॅचचा फरक काढणारं फंक्शन) फक्त पीसीएच्या चित्रापुरता; त्यातून निघालेला डेटा परत लिम्माला देऊ नका, पी-व्हॅल्यू फुकटच्या लहान होतात. निदान आणि प्लेक्स यांचा तक्ताही मांडा. एखाद्या प्लेक्समध्ये नुसते रुग्णच असतील तर तो प्लेक्स तुलनेत काही सांगत नाही. एमएस-२ वर (यंत्रातल्या मोजणीच्या दुसऱ्या पायरीवर) मोजलं असेल तर गुणोत्तरं दबलेली, म्हणजे खऱ्याहून लहान असतात, तेव्हा 'लॉग-२ फरक १ च्या वर' अशी अट घालू नका.

जनुकीय माहिती असेल तर नमुन्यांची अदलाबदल याच डेटात पकडता येते. एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार असलेल्यांत प्रथिनाच्या ११२ व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनीन असतं, त्यामुळे ट्रिप्सिन (प्रथिने कापणारं एन्झाइम) तिथेच कापतो आणि एलजीएडीएमईडीव्हीआर हा पेप्टाइड फक्त त्यांच्यातच तयार होतो. त्याचं गुणोत्तर प्लेक्सवार मांडा. दबलेपणामुळे ई-४ नसलेल्यांत शून्य दिसणार नाही, पण गट वेगळे पडतात. जीनोटाइपशी जुळलं नाही तर त्या प्लेक्सची लेबलिंग शीट काढा आणि सगळ्यात आधी १२७-एन, १२७-सी अशा सारख्या नावांच्या चॅनेलच्या जोड्या तपासा.