हाफ-हॉल्टला मराठीत काय म्हणाल?

दुडकीवाली:
2023 च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून भाचीला घोड्याचा नाद. तिच्यासाठी प्राथमिक सूचना मराठीत लिहितेय. टाच, मांड, लगाम, दुडकी... सगळं जमलं. 'हाफ-हॉल्ट'पाशी अडलं. स्वार क्षणभर बैठक घट्ट करतो, पोटऱ्या मिटतो, लगामावरची बोटं आवळून लगेच सैल सोडतो. घोडा थांबत नाही. सावध होतो, भार मागच्या पायांवर घेतो. मग वळण घ्या नाहीतर चाल बदला. मी 'अर्धथांबा' लिहिलं. भाची म्हणते, "मावशी, एसटीचा विनंती थांबा वाटतो."

काथ्याकूट:
'अर्धविराम' आयता आहे की! तिथेही वाक्य पुढे जातंच.

खोगीरभरती:
जर्मनांचं 'हाल्बे पाराडे', फ्रेंचांचं 'दमी-आरे'. सगळ्यांनीच 'अर्धं' धरून ठेवलंय, म्हणून शिकाऊ पोरं लगाम ओढत बसतात. माथेरानला उतारावर आमचा घोडेवाला ओरडायचा, "दाबून बसा, वढू नका!" अख्खा हाफ-हॉल्ट चार शब्दांत. 'दाब देणे' लिहा.

शुद्धमती:
दाब कसला? अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना नावं आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. एवढी श्रीमंती घरात असताना उसनवारी कशाला? 'अर्धस्तंभन' करावा.

खोगीरभरती:
अर्धस्तंभन म्हणजे जाहिरातीतली गोळी वाटते हो. आणि लगाम, जीन, स्वार, रिकीब, माझं खोगीरसुद्धा, सगळं फारसीच्या वाटेने आलेलं. उसनवारी काढायला बसलात तर घोडा उघड्या पाठीचा उरेल.

शुद्धमती:
घोडा तरी 'घोटक'वरून आलाय ना?

काथ्याकूट:
आणि घोटक कुठून आला? त्यावर पंडितांची जुंपलेली आहेच. असो. लांब दोरीवर घोडा गोल फिरवतात त्याला पूर्वी 'कावा देणे' म्हणत. माझ्या मते गनिमी कावा त्यातलाच.

शुद्धमती:
ओढूनताणून! कावा म्हणजे कपट. रिंगणाचा काय संबंध?

काथ्याकूट:
शत्रूला गोल गोल फिरवून दमवायचं, दुसरं काय? कावेबाज माणूस तेच करतो. आमचा घरमालक बघा.

दुडकीवाली:
मंडळी, माझा हाफ-हॉल्ट? तूर्त 'तोल सावरून घेणे' लिहिलंय. पण तोल स्वाराचा की घोड्याचा, असं भाची विचारतेय.

खोगीरभरती:
दोघांचाही. पण ताई, 'सावरणे' म्हणजे आधी तोल गेलेला असतो. इथे जायच्या आधीच धरायचाय.

पायवाट:
आत्ताच वाचलं. काथ्याकूट, मग वारीत गोल रिंगणात माउलींचा अश्व धावतो, तोही कावाच का? त्याच्यावर तर स्वारही नसतो आणि दोरीही.