रेडीमेड गेमिंग पीसी घेतला तर बिघडलं कुठे?

माजिवड्याचा बाबा
आधीच सांगतो, मत पक्कं आहे. नोकरदार माणसाने मुलासाठी गेमिंग पीसी घेताना कंपनीचा तयार डबा घ्यावा, पार्ट गोळा करत हिंडू नये. हे महाप्याला ऑफिसखालच्या टपरीवर बोललो, तर सत्यनारायणाचा शिरा हॉटेलातून मागवणार म्हटल्यासारखे सगळे माझ्यावर धावून आले.

मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. चांगले मार्क मिळाले तर पीसी, असा शब्द दिला होता आणि पठ्ठ्याने मिळवले. बजेट ९० हजार, मॉनिटर वेगळा. खेळणार मुख्यतः व्हॅलोरंट, अधूनमधून एखादा मोठा गेम, सगळं १०८०पी वर.

मी असेंबल्डचं, म्हणजे सुटे पार्ट जोडून केलेल्या मशीनचं, सुख भोगलेलं आहे. २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेतले, दादरला गाडी बदलली, कॅबिनेट डोक्यावर धरून ठाण्याला उतरलो. दीड वर्षाने मशीन मेलं. मदरबोर्डवाला म्हणे एसएमपीएसने (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने) बोर्ड जाळला, एसएमपीएसवाला म्हणे बोर्डच शॉर्ट होता. मी शनिवारी सुट्टी टाकून दोघांच्या मध्ये टोलवला जात होतो. आता गुडघेही तेव्हाचे राहिले नाहीत.

सध्या नजरेत आहे तो: प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५ १४४००एफ, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ५०६०, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, अस्सल विंडोज ११, तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती. बजेटच्या चारेक हजार वर जातोय. कोणाला यात खोट दिसत असेल तर बोला.

पामबीचचा पादचारी
काका, खोट दिसतेय आणि ती तुम्ही लिहिलेल्या यादीत नाही, न लिहिलेल्या भागात आहे. एसएमपीएस किती वॉटचा, कुठला? मदरबोर्ड कुठला? रॅमची एक स्टिक की दोन? कंपनीवाले प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मोठ्या अक्षरांत छापतात, कारण गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. काटकसर होते ती उरलेल्या तीन जागी.

१६ जीबीची एकच स्टिक लावली की मेमरी सिंगल चॅनलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने, हळू चालते. व्हॅलोरंटसारखा गेम ग्राफिक कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त चालतो, त्यामुळे फटका नेमका तुमच्या चिरंजीवांच्या गेमला बसणार. ८-८ च्या दोन स्टिक त्यापेक्षा बऱ्या.

एसएमपीएसची गोष्ट याहून वाईट. बाजारातल्या साध्या एटीएक्स (प्रमाण मापाच्या) एसएमपीएसमधून बोर्डाला २४ पिनांचा कनेक्टर जातो. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार डब्यांत स्वतःच्याच मापाचा बोर्ड आणि स्वतःच्याच पिनांचा एसएमपीएस असतो. तीन वर्षांची वॉरंटी संपली आणि चौथ्या वर्षी तो उडाला, की बाजारातला लागत नाही. मग कंपनी सांगेल ती किंमत, तीही पार्ट शिल्लक असला तर. ५०६० साठी ती चिप बनवणारी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. उद्या मोठं कार्ड टाकायचं तर तेवढ्याने भागणार नाही.

आणि १४४००एफ बोर्डावरच्या ज्या सॉकेटमध्ये (खाचेत) बसतो, तो सॉकेट इंटेलच्या चौदाव्या पिढीवर संपला. त्याच पैशात इंटेलच्या स्पर्धक एएमडीचा एएम५ सॉकेटवाला बोर्ड आणि रायझन ५ ७६०० प्रोसेसर घेतला, तर दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल. एएमडीने हा सॉकेट निदान २०२७ पर्यंत चालवायचा शब्द दिलाय.

तेव्हा असेंबल्ड घ्या. २००४ चं दुखणं २०२६ मध्ये कुरवाळू नका.

कळव्याचा कट्टेकरी
रविवारी लॅमिंग्टन रोडला जा, विषय संपला.

माजिवड्याचा बाबा
रविवारी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात. आणि मेगाब्लॉक तू काढणार का?

खारघरची कावेरी
मी काकांच्या बाजूने. माझा मुलगाही गेमवेडा. नवरा बोटीवर, मी ऐरोलीला नोकरीला, घरी सासूबाई. तयार पीसी घेतला, सातव्या महिन्यात ग्राफिक कार्ड गेलं. फोन केला, तिसऱ्या दिवशी माणूस घरी आला, कार्ड बदललं, सासूबाईंच्या हातचे पोहे खाऊन गेला. भाचीकडे असेंबल्ड होता. तिचंही कार्ड गेलं, वॉरंटीही होती. पण कार्ड स्वतः खोलून, पॅक करून, सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचं आणि वाट बघायची. तीन आठवडे मशीन अंधारात, कारण नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं. हे कोणी आधी सांगत नाही.

पादचारी भाऊ, तुम्हाला स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय असेल. आमच्या घरी तो सापडतच नाही.

पामबीचचा पादचारी
ताई, पटलं, कार्ड गेल्यावर घरी माणूस येणं ही मोठी सोय आहे. पण निम्म्या तक्रारी कार्डाच्या नसतातच. आपल्याकडे खाडीची दमट हवा. पावसाळ्यात डिस्प्ले आला नाही की रॅम काढायची, सोनेरी दाते खोडरबराने पुसायचे, परत बसवायची. दहा मिनिटं. तयार डब्यावर सील असलं तर तेवढ्यासाठीही कॉल लावून बसायचं. सील तोडलं तर वॉरंटीवरून वाद.

कोपरी पूर्व
दोघेही दोन टोकांना. तिसरा प्रकार कोणीच बोलत नाही: दुकानदाराने स्वतः जोडलेला ‘रेडी गेमिंग पीसी’. ऑनलाइन याचाच सुळसुळाट आहे आणि फसवणूकही इथेच.

माझ्या शेजाऱ्याने २८ हजारांना ‘आय७ गेमिंग पीसी’ घेतला. काचेची बाजू, सहा पंखे, लग्नाच्या मांडवासारखे दिवे. उघडला तर तिसऱ्या पिढीचा आय७, म्हणजे २०१२ चा, आणि जीटी ७३० हे जुनं, दुबळं ग्राफिक कार्ड. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, ते या डब्यात कुठून येणार? नुसतं ‘आय७’ म्हणजे नुसतं ‘पाटील’ म्हणण्यासारखं आहे. कुठले पाटील, कुठल्या पिढीचे?

कार्डांचंही तेच. आरटीएक्स ३०५० ८ जीबीत येतं आणि ६ जीबीतही. ६ जीबीवाल्यात नुसती मेमरी कमी नाही, चिपही उतरवलेली आहे. नाव मात्र तेच.

म्हणून बिलावर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. जीएसटीचं पक्कं बिल. १८ टक्के वाचवायला कच्चं घेतलंत तर वॉरंटीच्या दिवशी रडाल.

पामबीचचा पादचारी
कोपरींशी सहमत. आणि काल पार्टांचे भाव काढले, म्हणून एक गोष्ट कबूल करतो: रॅमने माझा हिशेब बिघडवला. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचं उत्पादन वळलं, तसे २०२५ च्या शेवटाला भाव चढत गेले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात जाहीर केलं की क्रुशल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करतो. ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरांशेजारी राहतो आपण आणि घरच्या पीसीला रॅम परवडत नाही! जुन्या भावाच्या रॅमचा तयार डबा शिल्लक असेल, तर आज तो खरंच स्वस्त पडू शकतो. गेल्या वर्षी हे लिहिलं नसतं.

पण एसएमपीएसचं विचारल्याशिवाय घेऊ नका. माझा हट्ट तेवढाच.

खारघरची कावेरी
आणि यूपीएस. ऑफिसातला जुना ६०० व्हीएचा लावाल, तो साधारण ३६० वॉटचा. गेम जोरात असताना मॉनिटर धरून अगदी काठावर येतो. लाइट गेली की पीसीही जाईल.

माजिवड्याचा बाबा
यूपीएसचं डोक्यातच नव्हतं, ताई, आभार.

आज गोखले रोडवरच्या दुकानात गेलो. सेल्समनला तीन प्रश्न विचारले. रॅम किती स्टिक? म्हणाला, “सर, सोळा जीबी.” मी म्हटलं, सोळा म्हणजे किती तुकडे? तो आत गेला, येऊन म्हणाला एक, दुसरी जागा रिकामी आहे. सील? नाही, रॅम आणि एसएसडी वाढवायला बाजू उघडली तरी चालते, लेखी देतो. एसएमपीएस? “सर, हेवी आहे.” हेवी! शेवटी डेमोचा डबा उघडून फोटो पाठवतो म्हणाला.

मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडतोय.

फोटो आला. लेबल ६०० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज वाया न घालवण्याचा दर्जा). बोर्डाकडे जाणारी जाड वायर आहे, तिच्या कनेक्टरच्या पिना मोजल्या, १२ च्या दोन ओळी दिसतात. पादचारी, बघून सांग.

पामबीचचा पादचारी
२४ पिनच आहे. एसएमपीएसचा आकारही साधा एटीएक्सचा दिसतोय, उद्या बाजारातला बसेल. घ्या. एका १६ ऐवजी ८-८ ची जोडी करायला दुकानदार तयार होतो का बघा, नाहीतर भाव उतरल्यावर दुसरी १६ ची टाका.

मी तरी असेंबल्डच घेतला असता.