पोर्ट उघडा म्हणणाऱ्यांनो, आधी राउटरचा पत्ता बघा

तिरपी तार (धागालेखक)
घरच्या प्लेक्सला किंवा जेलीफिनला (आपले सिनेमे घरच्या संगणकावरून इतर पडद्यांवर दाखवणारे मीडिया सर्व्हर) बाहेरून जोडता येत नाही असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: राउटरमध्ये जा, प्लेक्स असेल तर ३२४००, जेलीफिन असेल तर ८०९६, पोर्ट फॉरवर्ड कर (म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर बाहेरून येईल ते सर्व्हरकडे वळव), झालं. हा सल्ला सरसकट देणं आता बंद करा. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती फायबरवर तो चालूच शकत नाही, आणि जिथे चालतो तिथे शहाणपणाचा नाही.

आधी राउटरचं पान उघडून स्टेटसमध्ये 'वॅन आयपी', म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. मग त्याच वायफायवरून 'माझा आयपी' सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे जुळले तर नशीबवान आहात. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांच्यातलं काही दिसलं तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे खरा सार्वजनिक पत्ता कंपनीच्या यंत्राकडे, आणि तुमच्यासारखी कितीतरी घरं त्याच एका पत्त्यावरून बाहेर पडतात. बाहेरून आलेली विनंती त्या यंत्रापाशीच मरते. तुम्ही राउटरमध्ये कितीही नियम लिहा, त्याच्यापर्यंत काही येतच नाही. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल तर भानगड बहुतेक घरातलीच: कंपनीचा डबा आणि त्यामागे तुमचा राउटर, दोघेही नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं झाकणं) करत बसलेत. डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो नॅट न करता नुसतं पुढे पाठवेल.

आणि कृपा करून घरच्याच वायफायवर बसून 'बाहेरून चालत नाही' म्हणू नका. पुष्कळ राउटरना स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर वळून आत येता येत नाही. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर बघा.

माझा उपाय टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना आपसात जोडणारं खासगी जाळं (व्हीपीएन). सर्व्हरवर टाका, फोनवर टाका, एकही पोर्ट उघडू नका. दोन्ही बाजू आतून बाहेर बोलतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही.

खडूस काका
निदान पटलं, औषध नाही. स्वतःचा सर्व्हर कशासाठी घेतला? दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको म्हणून. आता घरात शिरायची किल्ली परदेशी कंपनीकडे, आणि लॉगिनही बहुधा गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या खात्याने. कंपनीला फोन करा, स्थिर आयपी मागा, महिन्याचे पैसे भरा. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती घेऊन आत सर्व्हरकडे देणारा दरवान), लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस प्रमाणपत्र, आणि फक्त ४४३ हे एचटीटीपीएसचं पोर्ट उघडा. कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की सुरू.

तिरपी तार
काका, हेडस्केल आहे की, टेलस्केलचा ताबा ठेवणारा सर्व्हर स्वतःच चालवायचा. किल्ली आपल्याच हातात.

खडूस काका
आणि ते हेडस्केल कुठे ठेवणार? त्यालाही सार्वजनिक पत्ता लागतोच. फिरून फिरून भोपळे चौकात.

गल्लीतला नेटवाला
मी छोटा केबल-इंटरनेटवाला आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. लोकांना वाटतं कंपनी मुद्दाम अडवते. आशिया-पॅसिफिकच्या साठ्यातले मोकळे आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे, अपुरे पडलेले) पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले. तेव्हापासून नवीन कंपनीला चिमूटभर मिळतात, बाकीचे बाजारातून विकत घ्यायचे. सीजीनॅटसाठी १००.६४ चा वेगळा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला तो याचमुळे. स्थिर आयपीचे पैसे घेतो कारण आम्हालाही तो फुकट पडत नाही.

एक मात्र सांगतो. फोनवरच्या मुलीला 'प्लेक्स चालत नाही' सांगू नका, ती राउटर बंद-चालू करायला लावणार. 'पब्लिक आयपी हवा, सीसीटीव्ही बाहेरून बघायचाय' म्हणा. हे वाक्य सगळ्यांना कळतं. मिळणारा पत्ता खासगी नाही ना, एवढं पैसे भरण्याआधी विचारून घ्या. 'स्थिर' आणि 'सार्वजनिक' एकच नव्हे. स्थिर खासगी पत्ता गळ्यात मारलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात.

ऱ्हाइनकाठचा
मी जर्मनीत, सर्व्हर माझ्याच घरी, बघणारे आईबाबा साताऱ्यात. इथल्या कित्येक केबल जोडण्या डीएस-लाइट असतात: आयपीव्ही४ वाटून घेतलेला, पण आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, तुटवडा नसलेला पत्ता) खरा आणि पूर्ण. तिसऱ्या वाटेबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. आयपीव्ही६ वर नॅटची गरजच नाही, सर्व्हरला स्वतःचा जगभर दिसणारा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका यंत्राच्या एका पोर्टला परवानगी दिली, डायनॅमिक डीएनएसला (एकाच नावामागचा बदलता पत्ता लक्षात ठेवणारी सेवा) नवा पत्ता कळवत राहायची सोय केली, बास. भारतातल्या मोबाइल डेटावर आयपीव्ही६ सर्रास असतं, त्यामुळे बाबांचा फोन पहिल्या फटक्यात जोडला गेला.

अडचणी आहेतच. हॉटेलच्या, ऑफिसच्या वायफायवर बहुधा नुसता आयपीव्ही४ असतो, तिथे हात चोळत बसायचं. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) सर्व्हर असेल तर आयपीव्ही६ त्याच्यापर्यंत पोचतंय का ते तपासा, तिथे बऱ्याचदा घोडं पेंड खातं.

अबोली
सगळे पुरुष राउटरवर घसरलेत म्हणून विचारते: कारण नेटवर्कचंच आहे हे कशावरून? प्लेक्सने २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघणं पैशाचं केलं. सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास हवा, नाहीतर बघणाऱ्याने रिमोट वॉच पास घ्यायचा. आमच्या ओळखीतल्या एकाने तोवर राउटर बदलून घेतला होता!

दुसरं, 'चालतं पण अडखळतं' हा निराळा आजार. थेट जोडणी जमली नाही की प्लेक्स गुपचूप स्वतःच्या रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) पाठवतं, आणि तिथे पास असला तरी २ एमबीपीएसची मर्यादा. चित्र धुरकट झालं की लोक सर्व्हर म्हातारा झाला म्हणतात. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर जोडणी रिलेवरून दिसतेय का बघा. ते नसेल तर ट्रान्सकोड (बघता बघता व्हिडिओचं रूप बदलणं) बघा. ब्ल्यू-रेवरून काढलेल्या फाइलीतली सबटायटल्स चित्रांच्या रूपात असतात. ती न झेपणाऱ्या टीव्हीसाठी सर्व्हर अख्खं चित्र नव्याने शिजवतो, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. सबटायटल बंद करून बघा. लगेच सुरळीत झालं तर पोर्टचा काही संबंध नाही.

तिरपी तार
अबोली, +१. टेलस्केललाही हाच न्याय लागतो, हे मी लिहायला हवं होतं. 'टेलस्केल स्टेटस' चालवलं की समोरच्या यंत्रापुढे 'डायरेक्ट' किंवा 'रिले' येतं. दोन्हीकडे चिवट सीजीनॅट असेल तर रिलेच येणार, आणि त्यावरून ४के विसरा.

खडूस काका
म्हणजे तुमचं औषध ज्याला सर्वात जास्त गरज त्यालाच लागू पडत नाही!

तिरपी तार
चालतं, हळू चालतं. दोन्हीकडे आयपीव्ही६ किंवा एका बाजूला मवाळ नॅट असेल तर बहुतेकदा थेट होतं. आणि उघड्या पोर्टची किंमत २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीने मोजली. त्यांच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात चोर शिरले ते मीडिया सर्व्हरमधून. ते प्लेक्स होतं, आणि त्या छिद्राची दुरुस्ती मे २०२० मध्येच आली होती. गड्याने अपडेटच केलं नव्हतं.

ऱ्हाइनकाठचा
ही गोष्ट प्रत्येक वेळी अर्धीच सांगतात. त्या छिद्राचा उपयोग करायला आधी त्या सर्व्हरचा ॲडमिन म्हणून आत असावं लागत होतं. नुसतं पोर्ट उघडं होतं म्हणून कुणीही शिरलं, असं नाही झालेलं. दोष अपडेट न करण्याचा.

तिरपी तार
मान्य, पण अपडेट न करणारा माणूस हाच सर्वसाधारण माणूस आहे ना? जेलीफिनचे काही दुवे लॉगिनशिवायही उत्तर देतात, ही तक्रार कित्येक वर्षं त्यांच्याच यादीत पडून आहे. ज्याला प्रॉक्सीचे लॉग वाचता येत नाहीत त्याला 'फक्त ४४३ उघड' सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

अबोली
ते सगळं खरं, पण सासऱ्यांच्या टीव्हीचं काय? सॅमसंगचा आहे, त्यावर टेलस्केलचं ॲप नाही. एलजीवरही नाही. अँड्रॉइड टीव्ही आणि ॲपल टीव्हीवर आहे म्हणे. नुसत्या जेलीफिनसाठी त्यांना नवीन टीव्ही घ्यायला लावू?

तिरपी तार
नको. एक तर टीव्हीला अँड्रॉइडची काडी लावा. नाहीतर जुनी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) असेल तर ती त्यांच्या राउटरला वायरने जोडून ठेवा. तिच्यावर टेलस्केल, आणि एन्जिनएक्स या प्रॉक्सीला सांगायचं की ८०९६ वर जे येईल ते माझ्या घरच्या सर्व्हरच्या टेलस्केल पत्त्याकडे ढकल. टीव्हीतल्या जेलीफिनला पायचा घरगुती पत्ता द्यायचा, १९२.१६८ वाला. त्याला वाटतं सर्व्हर घरातच आहे. राउटरमध्ये पायचा पत्ता कायम राखून ठेवा, नाहीतर वीज गेली-आली की बदलेल.

गल्लीतला नेटवाला
आणि पाय, राउटर, कंपनीचा डबा तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. दोन्ही घरी.

खडूस काका
छान. म्हणजे गावाकडे एक पाय, एक इन्व्हर्टर, एक एन्जिनएक्स. त्या पायचं मेमरी कार्ड ऐन गणपतीत बसलं की सासऱ्यांचा फोन कुणाला येतो ते अबोलीताईंनी इथे येऊन सांगावं. मी तोवर स्थिर आयपीचं बिल भरतो.