मोक्क्याचा खर्च निकालाआधीच सुरू होतो

टोळीवाल्यांची शिक्षा दुप्पट करा, असा टोळ्यांच्या गुन्हेगारीवरच्या या चर्चेत बहुतेकांचा सूर आहे. राग समजतो भाऊ, मीही नागपुरातच राहतो. पण शिक्षा आताही कमी नाही. १९९९ च्या मोक्क्यात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, किमान ५ वर्षं कैद आणि ५ लाख दंड आहे, जामीन महाकठीण, आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं संघटित गुन्हेगारीवरचं कलम १११ सुद्धा आलंय.

आता पैशाचं बघा. देशातल्या तुरुंगांत साधारण चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले असतात. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जेलमध्ये जेवण, औषध, पहारा, तारखेला गाडी आणि सोबत पोलीस, यातला मोठा भाग दोष सिद्धच न झालेल्यांवर जातो. साक्षीदार फिरला की आरोपी पोरगा निर्दोष, आणि आपला पैसा गेला! वर मुरलेल्या टोळीवाल्यांसोबत चार वर्षं राहून तो काय शिकून येतो, ते वेगळंच.

महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे. वाढीव शिक्षेपेक्षा त्यावर आणि फॉरेन्सिक अहवाल लवकर यावेत यावर खर्च करा ना. गुंडाला दहा वर्षांपेक्षा नक्की होणाऱ्या पाच वर्षांची धास्ती जास्त असते, असं माझं मत.