स्नेहमेळाव्यानं मोहल्ले जुळतात का? (जरा तिखट चर्चा)

गंजगोलाईकर
परवा इथंच एक पोस्ट आली. मिश्र वस्त्यांत दर तीन महिन्यांनी स्नेहमेळावा घ्यावा, खाण्याचे स्टॉल लावावेत, लेकरांची वेशभूषा ठेवावी, एकमेकांना गुलाबाचं फूल द्यावं, की मनं जुळतात. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

असले मेळावे ढिगानं बघितलेत. मौलाना, महाराज, भंतेजी एका सोफ्यावर, मधे इच्छुक उमेदवार. शाल, श्रीफळ, फोटो, अन् जो तो आपापल्या गल्लीत. ज्याच्या भिंतीला डॉल्बीचे बेस टेकवतात तो माणूस तिथं नसतो, अन् बेस लावणारं पोरगंही नसतं. येतात कोण? ज्यांचं आधीपासून पटतंच ते. शांतता समितीची तीच गत. गणपती-ईद तोंडावर आली की ठाण्यात चहा-बिस्किट, ठरलेली माणसं, "आपल्या शहराची परंपरा". सण सरला की वर्षभर कुणी कुणाला विचारत नाही.

चाललेलं काम बघायचं असेल तर भिवंडी बघा. १९८४ ला तिथं मोठी दंगल झाली. पुढं सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. डिसेंबर १९९२ अन् जानेवारी १९९३ मध्ये शेजारी मुंबई पेटली होती, भिवंडी शांत राहिली. तिथं कुणी बिर्याणीचे स्टॉल लावले नव्हते. दोन्हीकडची साधी माणसं अन् पोलीस नेमानं बसायचे, गल्लीतल्या बारीकसारीक तक्रारी तिथंच निघायच्या. बसायचंच तर भांडणावर बसा, अन् सण नसताना बसा. अन् आपली लातूरची गंजगोलाई बाजारपेठ? १६ रस्ते येऊन मिळतात, मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती सगळ्या जातीधर्मांची दुकानं. तिथं कुणी मेळावा घेतला होता?

औसारोडची_ताई
"एक पोस्ट आली" काय भाऊ, माझं नाव घ्यायला जीभ अडली का? ती पोस्ट माझी.

तुमच्या भांडणाच्या बैठकीत बाई किती असतात ते आधी सांगा. भिवंडीचं राहू द्या, लातूरचं सांगा. शांतता समितीत मी एकदा गेले होते, मला विचारलं, "ताई, सूत्रसंचालन करणार का?" मेळाव्याला निदान बायका घराबाहेर तर पडतात. आमच्या गल्लीत लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, मारवाडी आहेत, एक तेलुगू घर आहे, अन् मागच्या पत्र्याच्या खोल्यांत सेंट्रिंगच्या कामाला आलेली बिहारची माणसं. त्यातल्या एकीला आम्ही सगळ्या "ती भैयीण" म्हणायचो. मेळाव्यात तिनं ठेकुआ केला, कडक, गुळाचा, लेकरांनी ताट रिकामं केलं. तिचं नाव मला त्या दिवशी कळलं. पुढं तिच्या लेकराला ताप चढला तेव्हा रात्री तिनं माझंच दार वाजवलं. सोफ्यावर कोण बसलं होतं ते तिनं बघितलंही नसेल.

तेरणाकाठ
ताई, एक खुलासा करा. तुमच्या खाद्यमहोत्सवाच्या पत्रकावर "फक्त शाकाहारी" लिहिलं होतं का नाही? आमच्या कॉलनीत लिहिलं होतं. मुसलमान घरांना निरोप गेला, तुम्ही शिरखुर्मा आणा, बाकी काही नको. म्हणजे पाहुण्याला बोलवायचं अन् त्याच्या चुलीला कुलूप लावायचं. हा कसला स्नेह?

माळकरी
शाकाहारी ठेवलं तर बिघडलं कुठं? आमच्या गळ्यात माळ आहे, आम्ही कुठं जायचं? माझे शेजारी दर ईदला कोरडा शिधा पाठवतात. शेवया, साखर, खारीक, खोबरं, चारोळी, वर दुधाची पिशवी. आमच्या भांड्यात, आमच्या गॅसवर शिजवून आम्ही खातो. त्यांना अपमान वाटला नाही, मला लाज वाटली नाही. हे कुठल्या मेळाव्यात ठरलं नाही, माझ्या वडिलांच्या काळापासून चालू आहे.

बालाघाटी
माळकऱ्यांचं ठीक आहे, पण "फक्त शाकाहारी"वाले सगळे माळकरी असतात का वो? गावाकडं आमच्या मराठ्याच्या घरात नवस फेडायला पिराला कंदुरी करतात. मुलाणी आल्याशिवाय बोकडाला सुरी लागत नाही. मोहरमला सवारी धरणारा आमच्या भावकीतला, अलाव्याभोवती, म्हणजे विस्तवाच्या खड्ड्याभोवती, नाचणारे सगळे आमचेच. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांच्या उरुसाला जाऊन बघा, गर्दीत कोण कोणाचं ते ओळखता येत नाही. हीच माणसं शहरात फ्लॅट घेतात अन् सोसायटीच्या ग्रुपवर "वास येतो" लिहितात.

निलंगावाला
कंदुरीच्या गोष्टी ऐकून पोट भरलं. आता रूम द्या.

गोलाईत उधारी मिळते भाऊ, खोली मिळत नाही. बहिणीला नीटच्या क्लाससाठी लातूरला ठेवायचं होतं. एक काका फोनवर एकदम गोड. नाव सांगितल्यावर म्हणाले, "सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही." अम्मी म्हणाली, स्वयंपाकच करणार नाही, मेस लावू. काका म्हणाले, "भावाला विचारून सांगतो." ते भावाला अजून विचारायलेतच. अन् गंमत म्हणजे हेच काका मेळाव्यात माइक धरून "हम सब एक हैं" म्हणत होते. व्हिडिओ आहे माझ्याकडं.

तेरणाकाठ
टाक तो व्हिडिओ.

निलंगावाला
नको. बहीण शेवटी त्याच एरियात राहते.

नामांतर_७८
सगळा धागा हिंदू-मुसलमान, मटण-शेवया. आमच्या वस्त्या तुमच्या "मिश्र"मध्ये येतात का नाही? रूम बघताना आम्हाला काय खाता ते विचारत नाहीत, आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर "गाव कोणतं, गावात घर कुठल्या बाजूला" विचारतात. बाजू कळली की रूम कालच गेलेली असते.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आमची घरं जळाली. पेटवायला परमुलखातून कुणी आलं नव्हतं. ओळखीचेच होते, नावानं हाका मारणारे. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हा ताई, नावं माहीत असली की सगळं जुळतं हे मला सांगू नका. अन् बालाघाटी, तुमच्या त्या कंदुरीत आमची पंगत कुठं बसायची तेवढं लिहा.

बालाघाटी
प्रत्येक गोष्टीत जात आणायचीच का?

नामांतर_७८
आणली नाही, तिथं होतीच. पंगत कुठं?

बालाघाटी
आजोबांच्या काळात वेगळी बसायची. झालं समाधान? लिहिलं. आता तसं नसतं.

नामांतर_७८
तसं नसतं, का आता आम्ही येत नाही?

माळकरी
अरे बाबांनो, मूळ विषय काय होता?

मांजराकाठ
मूळ विषयावर येतो. मार्च २०१६ आठवा. पाण्याच्या टाक्यांपाशी कलम १४४ लावलं होतं या शहरात. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. टँकर आला की आमच्या गल्लीत घागरी अंगावर यायच्या. मग उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर नंबराची वही घेऊन बसायला लागले. लाल रेघांची, दुकानात उधारीला असते तसली. घर, माणसं, ड्रम, कुणाचा नंबर चुकला, सगळं त्यात. मास्तरांनी स्वतःच्या सुनेचा नंबर शेवटी टाकला म्हणून सून आठ दिवस बोलत नव्हती. पण वहीवर कुणी बोट ठेवलं नाही, अन् जात-धर्म काढून भांडणंही झाली नाहीत. गंजगोलाईकर म्हणतात तेच हे. अडचण सामाईक असली की माणसं बसतात.

औसारोडची_ताई
अन् पाणी आल्यावर वहीचं काय झालं? मास्तरांकडं त्यानंतर गल्लीतलं कोण गेलं? भांडण मिटलं की तुमची बैठक पण मिटते. मग दर वेळी जुळायला दुष्काळ पडायची वाट बघायची का?

मांजराकाठ
वहीचं माहीत नाही. मास्तर गेले. मयतीला गल्ली होती, एवढं सांगतो.

गंजगोलाईकर
ताईंचा मुद्दा बरोबर आहे, जिवावर येतंय म्हणायला. पण मग मेळाव्यात आवाजाचा विषय घ्या ना. नियम २००० सालापासून आहे, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. आपलं साधं बोलणंच साठाच्या आसपास जातं. कुणाच्या मिरवणुकीनं हा आकडा पाळलाय? गणपतीच्या नाही, जयंतीच्या नाही, उरुसाच्या नाही.

बालाघाटी
पहाटेच्या भोंग्याचं पण लिहा की मग. का ते सोयीचं नाही?

निलंगावाला
लिहा. आमच्या मशिदीचा आवाज कमी केलाय, या एकदा पहाटे ऐकायला. येताना तुमच्या मंडळाच्या अध्यक्षाला घेऊन या. पहाटे उठतो का तो?

नामांतर_७८
जयंतीचा डीजे मलाही नको वाटतो. पण हे आमचं आम्ही ठरवू, तुमच्या मेळाव्यात हात वर करून नाही.

औसारोडची_ताई
बरं, ऐका. पुढच्या वेळी सोफा नाही, स्टेज नाही, उमेदवार नाही. आधी तासभर गाऱ्हाणी, बायका आधी बोलतील, मग जेवण. त्या रूमवाल्या काकांना आणायचं काम गंजगोलाईकरांचं.

निलंगावाला
सोफा नाही म्हणलं तर काका येणार नाहीत.

बालाघाटी
जेवणात मटण असणार का नुसती भगर?

माळकरी
दोन चुली मांडा. मी माझी भाजी घरून आणतो.

नामांतर_७८
चुली किती का असेनात. पंगत?

औसारोडची_ताई
पंगतच नाही. बुफे. ज्यानं त्यानं हातानं वाढून घ्यायचं, कुणाच्याही शेजारी उभं राहायचं.

तेरणाकाठ
बुफेची भांडी, टेबलं भाड्यानं आणावी लागतील. वर्गणी कोण गोळा करणार?

गंजगोलाईकर
माझ्या दारात डॉल्बीची वर्गणी कालच मागून गेलेत. त्यांच्याच पावतीपुस्तकात तुमची पण धरा म्हणावं.