गुलाबी चेंडूने गर्दी येईल, पण टिकेल का?

नोकरदार माणूस संध्याकाळी मैदानात येऊ शकतो म्हणून दिव्यांखाली गुलाबी चेंडूने खेळली जाणारी दिवसरात्र कसोटी हवी, हा मुद्दा मला मान्य आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात ॲडलेडला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड असा पहिला प्रयोग झाला, तेव्हा सामना तीनच दिवसांत संपूनही लाखाहून जास्त लोक येऊन गेले. पण ॲडलेडच्या उन्हाळ्यातली संध्याकाळ आणि आपली हिवाळ्यातली संध्याकाळ यांत फरक आहे. आपल्याकडे दव पडतं. ओला चेंडू फिरकीपटूच्या बोटांतून सटकतो, म्हणून २०१९ साली कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दिवसरात्र कसोटीचा खेळ दुपारी एक वाजताच सुरू करावा लागला. मग कामावरून सुटून येणाऱ्याच्या वाट्याला उरतं काय? जेमतेम शेवटचं सत्र!

शिवाय सामने फार लवकर आटोपतात. २०२१ ला अहमदाबादची दिवसरात्र कसोटी दोन दिवसांत संपली. फिरकीपटू अक्षर पटेलने अकरा बळी घेतले, चेंडू टप्पा पडून सरळ आत घुसत होता आणि फलंदाज वळणासाठी खेळत होते. बघायला मजा आली, नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या दिवसाचं तिकीट काढलेल्याने काय करायचं?

मला विचाराल तर आधी प्रेक्षकाच्या डोक्यावर सावली द्या, प्यायला पाणी द्या, स्वच्छतागृहं नीट ठेवा. मुलीला घेऊन एकदा कसोटीला गेलो होतो. खुर्ची इतकी तापलेली की ती माझ्या मांडीवरच बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "बाबा, घरी जाऊया."